कॅल्शियम क्लोराईडनं पाणी थंड केलं, तर जर्नलमध्ये काय लिहायचं?

नमस्कार मॅडम,

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, केमिस्ट्री मेजर. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला कॅल्शियम क्लोराईडची ‘हीट ऑफ सोल्यूशन’, म्हणजे विरघळताना सुटणारी किंवा शोषली जाणारी उष्णता, काढायची होती. थर्मासमध्ये १०० मिली पाणी आणि त्यात १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. सरांनी आधीच सांगितलं होतं की पाणी चांगलं गरम होईल. आमचं पाणी २९ अंशांवरून साडेसत्तावीसवर उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावर मात्र पारा १५-१६ अंश चढला. त्यांच्या बाटलीत पांढरे कोरडे गोळे होते, आमच्या बाटलीत मोठे, पारदर्शक, जरा ओलसर खडे. तास संपत आला होता. माझ्या पार्टनरनं शेजारच्यांची रीडिंग्ज थोडी मागेपुढे करून उतरवली आणि मीही तीच माझ्या जर्नलमध्ये लिहिली. अजून सही झालेली नाही. पार्टनर म्हणते, सगळेच करतात, विसरून जा. मला मात्र झोप लागत नाही.

दुसरी भीती याहून मोठी आहे. मला हा विषय कळतच नाही असं वाटतं. बारावीत पाठ केलं होतं की साधं मीठ विरघळताना उष्णता शोषून घेतं. मग ते आपसूक विरघळतं कसं? कॅल्शियम क्लोराईड उष्णता सोडतं म्हणून विरघळतं, तर आमचं थंड होऊनही कसं विरघळलं? मेजर बदलून घेऊ का? घरी कुणाला विचारणार? बाबा आगरवाड्याला मिठागरात काम करतात, त्यांना यातलं काय सांगू?

— एक विद्यार्थिनी, पेडणे तालुका

बाय, तुझ्या पत्रातली एक ओळ तू बहुधा सहज लिहून गेलीस, पण अर्धं उत्तर तिच्यातच आहे: तुमचे खडे मोठे, पारदर्शक, ओलसर होते आणि शेजारच्यांचे गोळे पांढरे, कोरडे. त्या दोन बाटल्यांत एकच पदार्थ नव्हता. तुमचं पहिलं रीडिंग बरोबर होतं, दुसरंही बरोबर होतं. चुकीचं आहे ते जर्नलमध्ये उतरवलेलं.

पांढरे गोळे म्हणजे निर्जल कॅल्शियम क्लोराईड. प्रयोगशाळेत त्याला ‘फ्यूज्ड’ म्हणतात आणि ते डेसिकेटरमध्ये ओल शोषण्यासाठी ठेवतात. त्याचा एक मोल, म्हणजे कणांची रसायनशास्त्रात ठरलेली एक मोजणी, १११ ग्रॅम भरतो. पारदर्शक खडे बहुधा हेक्साहायड्रेटचे असणार. त्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे (विद्युतभारित कणामागे) पाण्याचे सहा रेणू स्फटिकातच बसलेले असतात आणि त्याचा मोल २१९ ग्रॅम भरतो. निर्जल कॅल्शियम क्लोराईड विरघळताना मोलमागे सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. हेक्साहायड्रेट उलट मोलमागे सुमारे १६ किलोज्यूल शोषून घेतं.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. १० ग्रॅम हेक्साहायड्रेट म्हणजे ०.०४६ मोल, त्याला लागली सुमारे ०.७ किलोज्यूल उष्णता. ११० ग्रॅम द्रावण एक अंशानं थंड व्हायला साधारण ०.४६ किलोज्यूल जावे लागतात. भागाकार कर. दीड अंश येतो. तुम्ही मोजलात तोही दीडच! शेजारच्यांचे १० ग्रॅम म्हणजे ०.०९ मोल, त्यातून ७.३ किलोज्यूल निघाले, म्हणजे १६ अंश. थर्मास स्वतः थोडी उष्णता खातो, झाकणातून थोडी जाते, तरी दोन्ही टेबलांचे आकडे इतके चांगले जुळतात की पहिल्या वर्षाच्या मुलींनी हे काम केलं याचं मला कौतुक वाटतं. आणि त्यातले तुमचे आकडे तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकलेत, याचं वाईटही तितकंच वाटतं.

मग ती ८१ किलोज्यूल उष्णता गेली कुठे? ती तुमच्या थर्मासमध्ये निघाली नाही कारण ती केव्हाच निघून गेली होती. निर्जल कॅल्शियम क्लोराईडमध्ये पाण्याचे सहा रेणू शिरले त्या वेळी मोलमागे सुमारे ९७ किलोज्यूल बाहेर पडले होते, मग ते कारखान्यात घडलेलं असो की झाकण सैल राहिलेल्या बाटलीत. ८१ सोडणं आणि १६ शोषणं यांतलं अंतर नेमकं तेवढंच आहे. सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसनं १८४० साली मांडलेला नियम हाच: सुरुवात आणि शेवट ठरलेले असतील तर वाट कुठलीही घे, उष्णतेची बेरीज तीच येते. शेजारच्यांनी सगळी वाट एका दमात चालली, तुमच्या खड्यांनी पहिला टप्पा आधीच पार केला होता.

जाता जाता आणखी एक सांगते, कारण आपल्या हवेत ते महत्त्वाचं आहे. हेक्साहायड्रेट सुमारे ३० अंशांनाच वितळतं. तुमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी २९ होते म्हणून खडे खडेच राहिले. तीच बाटली मे महिन्याच्या दुपारी वितळलेल्या अवस्थेत पाण्यात ओतली असतीत, तर पाणी थंड न होता कोमट झालं असतं. स्फटिक मोडायला लागणारी उष्णता खोलीतल्या हवेनं आधीच दिलेली असती. म्हणून जर्नलमध्ये नुसतं ‘कॅल्शियम क्लोराईड’ लिहून भागत नाही. कुठलं, कशा रूपातलं आणि किती तापमानाला, हे लिहावंच लागतं.

आता तुझा खरा प्रश्न. उष्णता शोषून घेणारं मीठ आपसूक विरघळतं कसं?

हा प्रश्न पडला म्हणून तू स्वतःला कमी लेखतेस, पण तो फार मोठ्या लोकांना अडला आहे. उष्णता बाहेर पडत असेल तरच बदल आपोआप होतो, अशी एकोणिसाव्या शतकात युलियस थॉमसन आणि मार्सेलां बर्थेलो या नामवंत रसायनशास्त्रज्ञांचीही धारणा होती. तुझ्या स्वयंपाकघरातलं मीठ ती धारणा रोज खोटी ठरवतं.

साध्या मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराईड हे आयन पाण्यात पडण्याआधीपासून असतात. पाणी ते तयार करत नाही, वेगळे करतं. मोलभर मिठातले सगळे आयन एकमेकांपासून पार दूर ओढायचे तर सुमारे ७८७ किलोज्यूल लागतील. हा खर्च प्रचंड आहे. पण पाण्याचा प्रत्येक रेणू एका टोकाला थोडा ऋण, दुसऱ्या टोकाला थोडा धन असतो. सोडियमभोवती तो ऑक्सिजनची बाजू वळवतो, क्लोराईडभोवती हायड्रोजनची. या ओढीतून, म्हणजे हायड्रेशनमधून, जवळजवळ ७८३ किलोज्यूल परत मिळतात. शिवाय पाण्यात दोन आयनांमधली ओढ पोकळीतल्यापेक्षा जवळपास ऐंशी पटींनी दुबळी होते, त्यामुळे सुटे झालेले आयन सुटेच राहतात. इतक्या अवाढव्य जमाखर्चानंतर शिल्लक तूट किती? ३.९ किलोज्यूल. तू बारावीत पाठ केलंस ते हे.

ही तूट भरून निघते एन्ट्रॉपीतून, म्हणजे ऊर्जा आणि कण किती प्रकारे मांडले जाऊ शकतात याच्या मापातून. स्फटिकात जागच्या जागी बांधलेले आयन आता सगळ्या द्रावणात फिरू शकतात. ऊर्जा आणि कण मांडले जाण्याच्या शक्यता वाढतात. साध्या मिठासाठी ही वाढ मोलमागे सुमारे ४३ ज्यूल प्रति केल्विन आहे. २९८ केल्विननं गुणलं की १२.९ किलोज्यूल. ३.९ मधून १२.९ वजा कर, गिब्ज ऊर्जेतला (उष्णता आणि एन्ट्रॉपी यांच्या एकत्रित हिशेबातला) बदल उणे ९ येतो. उणे आला, म्हणजे मीठ विरघळणार. पाणी किंचित थंड होईल, पण विरघळणार.

इथवर बहुतेक क्लासवाले शिकवतात आणि पुढे म्हणतात, ‘विरघळलं की एन्ट्रॉपी वाढते.’ हे वाक्य व्हायवात म्हणू नकोस. मॅग्नेशियम क्लोराईड घे. मॅग्नेशियमचा आयन लहान, विद्युतभार दुप्पट. तो पाण्याचे सहा रेणू अगदी जवळ घट्ट धरून ठेवतो आणि त्यांच्यापलीकडच्या पाण्यालाही शिस्त लावतो. परिणाम असा की मीठ विरघळूनही एन्ट्रॉपी मोलमागे सुमारे ११५ ज्यूल प्रति केल्विननं कमी होते. कॅल्शियम क्लोराईडचंही तसंच, घट थोडी कमी, ४५ च्या आसपास. तरीही दोन्ही झपाट्यानं विरघळतात, कारण ते भोवतालच्या जगात भरपूर उष्णता ओततात. मॅग्नेशियम क्लोराईडचे सुमारे १६० किलोज्यूल भोवती पसरले की भोवतालची एन्ट्रॉपी पाचशे ज्यूल प्रति केल्विनहून जास्त वाढते. द्रावणातली घट त्यापुढे किरकोळ ठरते. उष्मागतिकीचा दुसरा नियम एकूण एन्ट्रॉपीबद्दल बोलतो, फक्त तुझ्या बीकरमधल्या एन्ट्रॉपीबद्दल नाही. हे एवढं नीट कळलं तर या प्रकरणातलं सगळं कळलं असं मी म्हणेन. बाकी सगळे आकडे पुस्तकात कधीही सापडतात.

सिल्व्हर क्लोराईडचं गणित उलट्या बाजूला पडतं. त्याला विरघळायला सुमारे ६५ किलोज्यूल लागतात, एन्ट्रॉपीकडून मदत मिळते ती जेमतेम १० ची. म्हणून लिटरभर पाण्यात ते दोनेक मिलिग्रॅमच जातं. आणि सगळीच धातूंची क्लोराईडं विरघळली की सरळ आयन होतात असंही समजू नकोस. मर्क्युरिक क्लोराईड विरघळतं, पण बहुतांश अख्खे रेणू म्हणूनच. फेरिक क्लोराईडमधला लोहाचा आयन भोवतालच्या पाण्याच्या रेणूंनाच प्रोटॉन (हायड्रोजनचा आयन) सोडायला लावतो, म्हणून त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं.

तुझ्या बाबांना यातलं काय सांगायचं, विचारतेस. ३.९ हा आकडा सांग. तो त्यांच्या धंद्याच्या मुळाशी आहे. विरघळण्याची उष्णता इतकी थोडी असल्यामुळे मिठाची विद्राव्यता तापमानाबरोबर फारशी हलत नाही. १०० ग्रॅम पाण्यात २५ अंशांना ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराईडला १७ किलोज्यूल लागतात, म्हणून ते २० अंशांना ३४ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम विरघळतं. ते गरम द्रावण थंड करून काढता येतं. साधं मीठ तसं मिळत नाही. पाणीच उडवून लावावं लागतं. म्हणून मिठागराला ऊन लागतं, वारा लागतो, पाऊस नसलेले महिने लागतात, आणि जूनमध्ये पाऊस आला की जे गोळा केलं नसेल ते पुन्हा पाण्यात जातं.

मीठ बसल्यावर वर उरणारं कडसर दाट पाणी तुझे बाबा चांगलं ओळखत असतील. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड जास्त असतं आणि खड्यांना चिकटून तेच थोडं घरी येतं. निव्वळ सोडियम क्लोराईड हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर ओल खेचून विरघळू लागतं, मॅग्नेशियम क्लोराईड ३३ टक्क्यांनाच. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तर सोड, एरवीही हवा बहुतेक वेळा त्याहून दमट असते. म्हणून गावठी मिठाला सदाच ओल सुटते आणि पावसात बरणीच्या तळाशी पाणी साचतं. कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण जे ओल शोषणारे डबे ठेवतो, त्यांतही बहुधा कॅल्शियम क्लोराईडच असतं. ते हवेतली वाफ घेतं, आधी हायड्रेट होतं, मग स्वतःच्याच पाण्यात विरघळतं. तुमच्या ओलसर खड्यांची जातकुळी तीच.

विज्ञानाचं झालं. आता जर्नल.

चुकीच्या आकड्यांवर एकच सरळ रेघ मार, ते खाली वाचता येतील अशी. व्हाइटनर लावू नकोस, पान फाडू नकोस. बाजूला खरे आकडे लिही, तारीख घाल, सही कर. रफ पान ठेवलं असशील तर तेही जोड. मग सही होण्याआधी, तू होऊन, सरांकडे जा. फार बोलायची गरज नाही. ‘सर, आमचं तापमान खाली गेलं होतं. आम्ही घाबरलो आणि शेजारच्यांचे आकडे उतरवले. आमचे मूळ आकडे हे. आमच्या बाटलीचं लेबल बघायचं आहे.’ एवढंच. वर्गासमोर सांगू नकोस, स्टाफरूममध्ये गर्दी असेल तर थांब. आणि ‘बाटलीच चुकीची दिली होती’ असं गाऱ्हाणं म्हणून मांडू नकोस. बाटली चुकीची होती की नाही हे लेबल सांगेल. तुम्ही आकडे उतरवलेत त्याचं कारण बाटली नव्हती.

लेबलावर ‘फ्यूज्ड’, ‘डायहायड्रेट’ (पाण्याचे दोन रेणू असलेलं) की ‘हेक्साहायड्रेट’ आणि मोलचं वजन काय दिलंय ते बघ. लेबल पुसलेलं असेल तर त्याहून चांगलं, कारण मग तुम्हाला ते स्वतः शोधता येईल. सरांची परवानगी घेऊन दोन्ही बाटल्यांतला थोडा थोडा पदार्थ तोलून घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराईडचं टायट्रेशन करा, म्हणजे त्यात क्लोराईड किती आहे ते मोजा. निर्जल असेल तर वजनाच्या सुमारे ६४ टक्के क्लोराईड निघेल, डायहायड्रेटमध्ये ४८, हेक्साहायड्रेटमध्ये ३२. मी वर जे ‘बहुधा’ म्हटलं ते या एका टायट्रेशननं पक्कं होईल किंवा मोडेल. हवेशी उघड्या राहिलेल्या मिठात आकडा मधलाही येऊ शकतो. आला तर तोच लिहा. निर्जल पदार्थ पाण्यात थोडा थोडा टाकत, ढवळत जा, एकदम ओतलात तर द्रावण अंगावर उडेल इतकं तापतं.

सर रागावतील का? कदाचित. दोन-चार गुण जातील का? जाऊ देत. ते म्हणाले की पुस्तकातलंच उत्तर लिही, तर नम्रपणे विचार की आमचं निरीक्षण खाली वेगळं नोंदवू का. बहुतेक शिक्षकांना असा विद्यार्थी वर्षात क्वचित भेटतो, आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद होतो. हे मी शिक्षकांच्या बाजूनं सांगते आहे.

‘सगळेच करतात’ यावर मी कडक आहे आणि राहीन. तुमच्यातल्या कितीतरी मुली वेर्णा, कुंडईच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला जातील. तिथं मोजलेला आकडा खोडायचा तर एक रेघ, तारीख, सही आणि कारण, असाच नियम असतो, आणि आकडा बदलून लिहिणाऱ्याची नोकरी जाते. जायलाच हवी, कारण त्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी गोळी गिळणार असतं. ही सवय नोकरी लागल्यावर आपोआप येत नाही. ती थर्मासच्या प्रॅक्टिकलमध्येच लागते.

मेजरबद्दल. या कारणासाठी बदलू नकोस. तुला दुसरा विषय मनापासून आवडत असेल तर ती गोष्ट वेगळी, त्यावर पुन्हा पत्र लिही. पण ‘मला कळत नाही’ हे कारण तुझ्या पत्राशी जुळत नाही. अपेक्षेविरुद्ध उत्तर आल्यावर तू प्रयोग पुन्हा केलास. खड्यांचा रंग, ओल, आकार पाहिलास आणि आठवड्यानंतरही ते तुझ्या लक्षात आहे. ‘उष्णता लागते तर आपसूक कसं होतं’ हा या प्रकरणातला मुद्द्याचा प्रश्न तुझा तूच काढलास. तुला जमलं नाही ते त्या शेवटच्या दहा मिनिटांत न जुळणाऱ्या आकड्यासोबत थांबणं, आणि ते शिकता येतं. आता थोडे दिवस गिब्ज ऊर्जेची गणितं कर, पण प्रत्येक गणितात आधी विचार की उष्णता किती, एन्ट्रॉपी किती आणि भोवतालचं काय. साधं मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिल्व्हर, या पाच क्लोराईडांवर एवढं केलंस तरी पुरे.

सरांकडे जाण्याआधी पार्टनरशी बोल. तिला न सांगता गेलीस तर ती चहाडी ठरेल, कारण जर्नल तिचंही तेच आहे. हे उत्तर तिला वाचायला दे आणि दीड अंशाचा हिशेब तिच्यासमोर करून दाखव. ती बरोबर आली तर उत्तम. नाही आली, तर तू तुझ्या जर्नलपुरतं बोल आणि तिचं नाव तुझ्या तोंडून काढू नकोस.